'होऽ' म्हटलं की उभी राहणारी घोडी

काल सकाळी वावरातले दगड वेचले. म्हणजे तसं काही खास काम नाही, दरवर्षी नांगरट झाली की खालचे दगड वर येतात आणि ते वेचून बांधावर टाकावे लागतात, पण हे काम करताना दरवेळी माझ्या मनात एकच गोष्ट येते आणि ती कधीची लिहायची राहून गेलीये, म्हणून आज बसलेच लिहायला.

आमच्याकडे चाकं नसलेली एक सपाट गाडी आहे, गाडी म्हणजे खरं तर जाड फळ्यांचा पाटच, खाली दोन लाकडं ठोकलेली, पुढचं टोक जरा वर वळवलेलं, आणि तिला आम्ही पाटच म्हणतो. ताराला, म्हणजे आमच्या घोडीला, त्याला जुंपायचं, दहा पावलं चालायचं, 'होऽ' म्हणायचं, ती थांबते, मी आजूबाजूचे दगड उचलून पाटावर टाकते, परत 'चल', परत दहा पावलं, परत 'होऽ'. असं काल दोन-अडीच तास चाललं होतं. मोजलं नाही पण शंभर वेळा तरी ती थांबली असेल आणि शंभर वेळा निघाली असेल, आणि त्यातला बराचसा वेळ ती नुसती उभी होती. एक मागचा पाय ढिला सोडलेला, खूर टोकावर टेकवलेला, खालचा ओठ लोंबतोय, आणि एक कान मात्र कायम माझ्याकडे वळलेला. लगामाच्या दोऱ्या पाटाला अडकवलेल्या, माझे दोन्ही हात दगड उचलायला मोकळे.

लोक बघायला येतात तेव्हा विचारतात, किती वजन ओढते हो ही? मला वाटतं हा प्रश्नच जरा चुकीच्या जागी आहे. छोट्या शेतावर कामाच्या घोड्याची खरी किंमत तो किती ओढतो यात नाहीये, तो किती शांत उभा राहतो यात आहे. ओढायचं तर सगळेच ओढतात, त्यांच्या अंगातच असतं ते. रोजची कामं आठवून बघा ना, चारा भरायचा, लीद काढायची, लाकडं आणायची, पाण्याची पिंपं पोचवायची, कुंपणाचे खांब एकेक करून टाकत जायचं, हे सगळं थोडं चाल आणि खूप थांब असंच काम आहे. ट्रॅक्टरला अशा कामात प्रत्येक वेळी चढा-उतरा, नाहीतर दुसरा माणूस वर बसवा. घोडीला मी चालता चालता बोलते आणि ती ऐकते, बस.

आता हे सगळं आधीपासून असं नव्हतं, ते पण सांगते.

तारा घेतली तेव्हा ती सात वर्षांची होती. विकणाऱ्या माणसाने सांगितलं होतं की कामाला एकदम तयार आहे, काही शिकवायला लागणार नाही, आणि त्याने तिला आमच्यासमोर एका जड गाडीला जुंपून चढावर नेऊन दाखवली, काय ओढली होती तिने! मी तिथेच हो म्हटलं. घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं की ही चालायला तयार आहे पण थांबायला अजिबात नाही. थांबवली की पाच सेकंदं उभी, मग डोकं झटकणार, पाय आपटणार आणि चालायला लागणार. मी गाडीत चाऱ्याचे गठ्ठे चढवत होते, पाठ वळवली, आणि ही निघाली. मी हाक मारत पळाले तर तिला वाटलं मीच तिला पळवतेय, तिने वेग वाढवला, गाडीचं एक चाक बांधाला लागलं, ती बिचकली आणि मग सरळ उधळलीच. गाडी उलटली, एक दांडा मोडला, आणि तारा तो मोडका दांडा फरफटत कुंपणापाशी जाऊन थरथरत उभी राहिली. तिला लागलं नव्हतं फार, मांडीला खरचटलं होतं. पण मी तिच्यापाशी पोचले तेव्हा तिच्या डोळ्यात पांढरं दिसत होतं आणि नाकपुड्या एवढ्या मोठ्या, आणि माझे हात असे कापत होते की मला बकल सोडवता येईना. त्या दिवशी दादा म्हणाला, "परत कर तिला." मी म्हटलं तिची चूक नाहीये, तिला कोणी थांबायला शिकवलंच नाही.

मग पुढचे तीन-चार महिने मी तिच्याकडून ओढायचं काम जवळजवळ करूनच घेतलं नाही, फक्त उभं राहायला शिकवलं. ऐकायला सोपं वाटतं पण सगळ्यात कठीण शिक्षण हेच. सुरुवात गाडीशिवाय, नुसता साज घालून. 'होऽ' म्हणायचं, आणि ती स्वतः निघायच्या आधीच मी तिला 'चल' म्हणायचं. म्हणजे ती पाच सेकंदं टिकते ना, तर तिसऱ्या सेकंदाला मी निघायला सांगणार. निघायचं कधी ते मी ठरवणार, तिने नाही. मग हळूहळू पाचाचे दहा, दहाचे तीस. मध्येच ती निघालीच तर न ओरडता, न मारता, परत मागे घेऊन ज्या जागी उभी होती त्याच जागी उभी करायची, अगदी त्याच खुरांच्या ठशांवर. कधी कधी एका सकाळी वीस वेळा मागे घ्यावी लागायची. कंटाळा यायचा, रडू पण यायचं. पण घोडा आपल्यापेक्षा जास्त चिकट प्राणी आहे, आपण एकदा जरी सोडून दिलं तरी तो ते लक्षात ठेवतो.

आणि एक सवय तेव्हा लावली ती आजपर्यंत पाळतेय. जुंपून झालं की लगेच निघायचं नाही. शेवटची साखळी अडकवली, दोऱ्या हातात घेतल्या, की मी दोनेक मिनिटं नुसती उभी राहते. कधी खिशातून रुमाल काढते, कधी उगाच चाकाकडे बघते. नाहीतर काय होतं, साखळी वाजली की निघायचं असं घोड्याच्या डोक्यात पक्कं बसतं आणि मग एक दिवस तुम्ही अजून चाकांच्या मध्ये असता आणि तो निघतो. बरेच अपघात जुंपताना आणि सोडतानाच होतात. जुंपताना ओढायच्या साखळ्या सगळ्यात शेवटी आणि सोडताना त्याच सगळ्यात आधी. गाडीला जुंपलेली असताना तोंडावरचा लगाम कधीही, म्हणजे कधीही काढायचा नाही, एक मिनिटासाठी पण नाही. डोळ्यांच्या झापडा निघाल्या आणि मागची गाडी अचानक दिसली की शहाण्यातला शहाणा घोडा उधळतो. आणि दोऱ्या हाताला गुंडाळायच्या नाहीत. हे सगळं मी कुठेतरी ऐकलेलं होतं, पण तो मोडका दांडा बघितल्यावर ते खरं कळलं.

घोड्याला दिसतं कसं हे माहीत असेल तर यातलं अर्धं आपोआप समजतं. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूला असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ गोल फिरून सगळीकडचं दिसतं, फक्त नाकाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या अगदी मागचं दिसत नाही. आणि आपण काम करतो ते नेमकं शेपटीच्या मागे. म्हणून मी मागून जाताना सतत बोलत असते, काहीही, आज ऊन किती आहे, तुझी शेपूट किती गुंतलीये वगैरे. आवाज येत राहिला की तिला कळतं मी कुठे आहे. कानाकडे बघायची सवय लावून घ्यावी, कान तुमच्याकडे आहे म्हणजे ती तुमच्यासोबत आहे, दोन्ही कान पुढे टवकारले म्हणजे तिला काहीतरी दिसलंय जे तुम्हाला अजून दिसलेलं नाही.

हुकूम किती असावेत? माझे चारच आहेत, एक मागे जायचा आणि एक हळू चालायचा, म्हणजे सहा. निघायला 'चल', थांबायला 'होऽ', आणि 'मागं'. डावं-उजवं शिकवताना मी आधी डावी-उजवी असेच शब्द वापरायचे, पण दोन्हीचा शेवट सारखा आणि वाऱ्यात ती गोंधळायची, म्हणून आता डावीकडे 'डाव' आणि उजवीकडे 'फीर'. अमेरिकेत उजवीकडे 'जी' आणि डावीकडे 'हॉ' म्हणतात. शब्द कुठलाही चालतो, फक्त तो दुसऱ्या शब्दासारखा ऐकू यायला नको आणि 'होऽ' तर इतर कशासाठीच वापरायचा नाही. म्हणजे हळू चाल यासाठी पण नाही. हळू चालायला सांगायचं तर मी 'सावकाश' म्हणते. 'होऽ' म्हणजे चारही पाय थांबले पाहिजेत.

आता जरा साजाबद्दल, कारण बैलांसोबत काम केलेल्या लोकांना इथेच पहिली अडचण येते. बैलाला वशिंड असतं, त्यावर जू बसतं आणि बैल त्याला रेटतो. घोड्याला वशिंड नाही. तो ओढतो खांद्यांनी आणि छातीने, म्हणून त्याला कॉलर लागते, जाड भरलेली, लंबगोल, मानेभोवती बसणारी. जुन्या काळी गळ्यातून पट्टा घालून घोडे जुंपायचे, पण तसा पट्टा वर सरकला की गळा दाबतो आणि घोड्याला पूर्ण जोर लावता येत नाही. भरलेली कॉलर आल्यावर ओझं खांद्याच्या हाडामासावर आलं आणि मग घोडा शेतीच्या जड कामाला खरा उपयोगी पडायला लागला. युरोपात ही कॉलर साधारण नवव्या-दहाव्या शतकाच्या सुमारास दिसायला लागते आणि चीनमध्ये त्याच्या बरीच आधी होती. मला तर वाटतं शेतीच्या अवजारांमध्ये नांगराखालोखाल या कॉलरचंच नाव घ्यायला हवं.

कॉलर बसली का हे बघायची पद्धत सोपी आहे. घोडं मान नेहमीसारखी धरून उभं असताना कॉलरचं खालचं टोक आणि श्वासनलिका यांच्यात आपला सपाट हात आरामात गेला पाहिजे, आणि बाजूला बोटं सपाट सरकली पाहिजेत पण फट दिसता कामा नये. घट्ट असेल तर श्वास कोंडतो. ढिली असेल तर जास्त वाईट, कारण ती घासते. आणि घोडीचं अंग वर्षभर सारखं राहत नाही ना! हंगामात काम करून ती उतरते, मान बारीक होते, आणि जी कॉलर सुरुवातीला बरोबर होती ती दोन महिन्यांनी हलायला लागते.

माझ्याकडून हीच चूक झाली. दुसऱ्या वर्षी पेरणीच्या घाईत आठ-दहा दिवस सलग काम होतं, आणि एका संध्याकाळी कॉलर काढली तर ताराच्या डाव्या खांद्यावर रुपयाएवढ्या जागेवर केस गेलेले आणि कातडी ओली. मी बोट लावलं तर तिने फक्त कातडी थरथरवली, मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि परत पुढे बघायला लागली. दिवसभर ती तशीच ओढत होती आणि मला कळलं नाही. पंधरा दिवस तिला कामाला लावलं नाही, पेरणी उशिरा झाली तर झाली. जखम भरली, पण तिथे आता पांढरे केस आलेत. तपकिरी खांद्यावर तो पांढरा ठिपका कायमचा राहिला. तेव्हापासून मी सकाळी कॉलर घालायच्या आधी आणि संध्याकाळी काढल्यावर दोन्ही खांद्यांवरून तळहात फिरवते, गरम लागतंय का, सूज आहे का, घामाचा खडा चिकटलाय का. कॉलरच्या आतली बाजू पण रोज पुसायची, वाळलेला घाम काचकागदासारखा असतो. आणि अंग उतरलं की आत जाड गादी घालायची.

घासण्यावरून आठवलं, गाडीच्या पुढे जी आडवी दांडी असते, मधोमध खिळीवर फिरणारी, जिच्या दोन टोकांना ओढायच्या साखळ्या अडकवतात, ती कशासाठी असते हे मला कितीतरी दिवस कळलंच नव्हतं. मला वाटायचं सरळ गाडीलाच साखळ्या बांधल्या तर काय बिघडलं. बिघडतं असं की चालताना घोड्याचा एक खांदा पुढे जातो मग दुसरा, आणि दांडी त्याच्यासोबत मागे-पुढे झुलते म्हणून कॉलर खांद्यावर स्थिर राहते. दांडी नसेल तर खांदे हलतात आणि कॉलर जागच्या जागी अडकून राहते, म्हणजे प्रत्येक पावलाला घासणार. दोन घोड्या असतील तर या दोन दांड्या आणखी एका मोठ्या दांडीला जोडायच्या, आणि तिथे एक मस्त सोय आहे. एक घोडी अशक्त किंवा नवीन असेल तर मोठ्या दांडीची खिळ मधून थोडी सरकवायची, म्हणजे त्या घोडीच्या बाजूला दांडी जास्त लांब येते आणि तिच्या वाट्याला ओझं कमी येतं. तरफेचा साधा नियम आहे हा, मी चंपासाठी पहिलं वर्षभर हेच केलं. (चंपा म्हणजे आमची दुसरी घोडी, ती नंतर आली.)

ताकदीचं एक गणित सांगते, मला फार आवडतं ते. घोड्याने दिवसभर काम करायचं तर त्याच्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा एवढ्या जोराने त्याने ओढावं असा अंदाज धरतात. म्हणजे ७०० किलोचा घोडा असेल तर ७० किलोचा ओढ. आणि तो कामाच्या चालीने तासाला ४ किलोमीटर जातो. हे मांडलं तर साधारण ७६० वॅट येतात, आणि एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट! म्हणजे जेम्स वॉटने जे एकक ठरवलं ते शांतपणे दिवसभर चालणाऱ्या एका मोठ्या घोड्याला अगदी लागू पडतं. थोड्या वेळासाठी घोडा याच्या कितीतरी पट जोर लावतो, दहा-पंधरा पट सुद्धा, पण ते चिखलातून गाडी काढायला, ओंडका हलवायला, बस. ती ताकद राखून ठेवायची असते. रोज रोज तिला हात घातला तर घोडा एक दिवस ओढायचं नाकारतो, आणि एकदा नकार द्यायला शिकलेलं घोडं परत सरळ करणं फार अवघड. म्हणून मी पाट कधी गच्च भरत नाही. अर्धा भरला की बांधाकडे. फेऱ्या वाढतात, वाढू देत.

आता ज्या कामासाठी घोडा लागतो असं सगळ्यांना वाटतं त्या नांगरटीबद्दल. मी करते थोडी, भाजीच्या तुकड्यात. नांगराचा एक फूट रुंद तास धरला तर एक एकर नांगरायला नांगरामागे १३ किलोमीटरच्या वर चालावं लागतं, वळणं सोडून. एकर हे मापच मुळात एका जोडीने दिवसभरात नांगरायच्या जमिनीवरून आलेलं आहे. ते चालणं सुंदर असतं, ओली माती उलटत जाते तो आवाज, घोडीच्या पोटऱ्यांवर उडालेले मातीचे शिंतोडे, पण मी हट्ट धरत नाही. खोल नांगरट मी भाड्याच्या ट्रॅक्टरकडून करून घेते आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. त्यानंतरचं सगळं, ढेकळं फोडणं, फळी फिरवणं, ओळींमधून कोळपणी, हे घोडीचं. कोळपणीला तर घोडीसारखं काही नाहीच. ओळीतून ती पाऊल बरोबर टाकते, टोकाला पोचल्यावर रोपांवर पाय न देता एकेक पाय उचलून आडवी वळते, आणि चाकाने माती जशी दाबली जाते तशी दाबली जात नाही. फ्रान्समध्ये काही द्राक्षबागांत आजही याच कारणासाठी वेलींच्या ओळींमधून घोडे चालवतात. चाकं दरवेळी त्याच पट्ट्यावरून फिरून खाली घट्ट थर तयार करतात, घोड्याचे खूर इकडेतिकडे पडतात.

जंगलातली किंवा बांधावरची लाकडं ओढून आणायचं काम मला सगळ्यात आवडतं, ताराला पण. साखळी ओंडक्याच्या जाड टोकाला बांधायची आणि साखळ्या जरा आखूड ठेवायच्या म्हणजे ओढताना पुढचं टोक किंचित वर उचललं जातं आणि जमिनीत रुतत नाही. दोन झाडांच्या मधल्या एवढ्याशा जागेतून ती ओंडका काढते, जिथे ट्रॅक्टर न्यायचा तर आधी दहा झाडं पाडावी लागतील. फक्त आपण कुठे चालतोय याचं भान पाहिजे. उतारावर कायम वरच्या बाजूने चालायचं कारण ओंडका गडगडतो, वळताना आतल्या बाजूला कधी थांबायचं नाही कारण ओंडका आत कापत येतो, आणि घोडी आणि ओंडका यांच्या मध्ये तर पाय टाकायचाच नाही. इथे पण परत तेच, साखळी अडकली की 'होऽ', आणि ती उभी. मी खाली वाकून साखळी सोडवतेय, माझं डोकं तिच्या मागच्या खुरापासून हातभर अंतरावर, आणि मला भीती वाटत नाही. ही जी भीती वाटत नाही ना, ती त्या तीन-चार महिन्यांची कमाई आहे.

चाकाच्या गाडीला उतारावर वेगळी काळजी. पाट घसरत नाही, तो आपोआप थांबतो. गाडी मात्र उतारावर घोडीच्या अंगावर येते, म्हणून मांड्यांच्या मागून एक रुंद पट्टा असतो, गाडी पुढे ढकलायला लागली की घोडी त्या पट्ट्यावर बसल्यासारखं करून ती रोखते. हा पट्टा बरेच जण वगळतात, सपाटच तर रस्ता आहे म्हणून. वगळू नका.

लीद टाकायचं काम रोजचं. दोघींची लीद-मूत मिळून दिवसाला ६० किलोच्या आसपास निघतं, आणि ते न्यायला पण त्याच. यात एक गंमत वाटते मला, चारा शेतात पिकतो, त्या खातात, शेतातलं काम करतात आणि लीद परत शेतातच जाते. डिझेलचा डबा घेऊन कुठे जावं लागत नाही. पण हे फुकट आहे असं कोणी समजू नये हं. ट्रॅक्टर उभा असला की काही खात नाही, घोडी काम असो नसो खाते, आणि मोजून खाते. वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास वाळला चारा धरला तर एका ७०० किलोच्या घोडीला दिवसाला १४ किलो, पाणी ४०-५० लिटर, उन्हाळ्यात कामाच्या दिवशी आणखी जास्त. पोट अंगाच्या मानाने लहान असतं आणि घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून एकदम खूप खायला घालायचं नाही, थोडं थोडं आणि पुष्कळ वेळा. पोटशूळ झाला की घोडा लोळायला लागतो, पोटाकडे वळून बघतो, आणि तेव्हा डॉक्टरला बोलवायला तासभर पण उशीर करायचा नाही.

एक गोष्ट नवीन लोकांना आवर्जून सांगते. कामाच्या दिवसांत दाणा चालू असतो. मग दोन-तीन दिवस पाऊस लागला, घोडी बांधून ठेवली, आणि दाणा तेवढाच चालू ठेवला, आणि पाऊस उघडल्यावर एकदम कामाला जुंपली, तर थोडं चालल्यावरच ती घामाघूम होते, मागचे पाय लाकडासारखे ताठ, पुठ्ठ्याचे स्नायू दगडासारखे, आणि लघवी गडद काळपट. इंग्रजीत याला 'सोमवार सकाळचा आजार' अशा अर्थाचं नाव आहे कारण रविवारी सुट्टी आणि सोमवारी काम. अशा वेळी तिला एक पाऊलही चालवायचं नाही, जिथे आहे तिथेच थांबवून डॉक्टरला बोलवायचं. आणि मुळात ते होऊ नये म्हणून सुट्टीच्या दिवशी दाणा कमी करायचा आणि तिला मोकळं फिरू द्यायचं. म्हणून मी म्हणते की घोड्याला रोज थोडं काम हवं. आठवड्यातून एक दिवस दहा तास जुंपण्यापेक्षा रोज एक-दीड तास कितीतरी बरं, अंगाला पण आणि डोक्याला पण. जी घोडी रोज लीद घेऊन जाते ती नांगराला पण शहाण्यासारखी चालते.

खुरांची छाटणी सहा ते आठ आठवड्यांनी. मऊ मातीत काम असेल तर नाल नसले तरी चालतात, कडक रस्त्यावर जास्त जाणं असेल तर लागतात. आमच्याकडे नालबंद येतो तेव्हा तारा त्याच्यासमोर पण तशीच उभी राहते, एक पाय त्याच्या मांडीवर आणि डोळे अर्धे मिटलेले.

कोणती जात घ्यावी हे पण विचारतात लोक. फोटोत दिसणारे शायर, क्लाइड्सडेल, पर्चेरॉन, बेल्जियन हे भव्य असतात, बघून जीव हरखतो, ८००-९०० किलो आणि त्याच्याही वर. पण छोट्या शेताला एवढं घोडं लागतंच असं नाही. त्याला चारा पण तेवढाच, साज पण तेवढाच मोठा, आणि ती कॉलर रोज आपल्या खांद्याच्या वर उचलून घालायची असते हे विसरू नका. नॉर्वेचे फ्योर्ड किंवा हाफलिंगर यांच्यासारखी बुटकी, गच्च बांध्याची घोडी भाजीच्या शेतावर पुरून उरते. आमच्या दोघी कुठल्याच एका जातीच्या नाहीत, मिश्र आहेत, साडेसहाशे-सातशे किलोच्या. जातीपेक्षा मी वयाकडे बघेन आणि स्वभावाकडे. पहिलं घोडं घेणार असाल तर बारा-चौदा वर्षांचं, काम करून मुरलेलं घ्या. आणि घ्यायला जाल तेव्हा ते ओढताना बघू नका. जुंपायला सांगा, आणि मग मालकाला म्हणा की आता पाच मिनिटं काही करू नका. त्या पाच मिनिटांत सगळं कळतं.

तारा आता एकोणीस वर्षांची आहे. जड कामं बहुतेक चंपाकडे गेलीत. चंपा सहा वर्षांची, अंगात जोर आहे पण धीर अजून यायचाय, उभी केली की पायाने माती उकरते. गेल्या आठवड्यात दोघींना एकत्र जुंपून चारा आणायला गेले होते, मी वर चढून गठ्ठे रचत होते आणि चंपाने दोनदा निघायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तारा हलली नाही. नुसती हलली नाही, बाकी काही केलं नाही, आणि गाडी एकट्या चंपाला सुटेना, तिने ताराकडे बघितलं, कान मागे केले, जराशी फुरफुरली, आणि तिसऱ्या वेळी तिने पण मागचा एक पाय ढिला सोडला. मी गठ्ठ्यावरच बसले आणि बघत राहिले दोघींकडे. मग 'चल' म्हटलं.